प्रत फुकट झाली, पुढे काय?

नमस्कार मंडळी. निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय छापलाय ‘विपुलतेच्या युगात काम, कला आणि समाज’. मी संयोजकांना फोनवर एवढंच म्हणालो होतो की फुकट प्रतींबद्दल थोडं बोलेन. त्यांनी त्याचं युग करून टाकलं. (हशा) असो, छापलंच आहे तर काम, कला, समाज, तिन्हींवर क्रमाने बोलू. त्याआधी थोडी पार्श्वभूमी. घाबरू नका, थोडीच.

गाणं असो, पुस्तक असो, नकाशा असो की एखादा प्रोग्रॅम, त्याची पहिली प्रत तयार व्हायला कुणाची तरी वर्षं जातात. दुसऱ्या प्रतीला मात्र बोटाची एक टिचकी पुरते, आणि दहा लाखाव्या प्रतीलाही तेवढीच. अगदी फुकट नाही म्हणा; सर्व्हर लागतात, वीज लागते, समुद्राच्या तळाशी केबली टाकाव्या लागतात. पण एकेका प्रतीच्या वाट्याला त्यातलं येतं ते नगण्य. ‘व्यये कृते वर्धत एव नित्यं’ हे सुभाषित आपण शाळेत घोकलंय. विद्याधन चोराला नेता येत नाही, भावांना वाटून घेता येत नाही, खर्च करावं तसं वाढतं. सगळं खरं. फक्त ती विद्या वाटणाऱ्याने घरभाडं कशातून द्यायचं, याबद्दल सुभाषितकार गप्प आहेत. आजचं व्याख्यान त्या गप्प बसण्याविषयी आहे असं समजा.

आता माझं एक जुनं दुखणं. एका ग्रंथालयाच्या ॲपवर मी ई-पुस्तक मागितलं. उत्तर आलं, ‘सर्व प्रती वाचकांकडे आहेत, आपलं नाव प्रतीक्षा यादीत घेतलं आहे.’ फाइल वाचकाकडे आहे! म्हणजे कुणीतरी ती घरी नेलीय, उशाशी ठेवलीय, आणि वाचतही नाहीये. (हशा) मी ग्रंथपालबाईंना फोन केला. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, ‘सर, एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक. आम्हालाही वेड्यासारखंच वाटतं.’ त्यांचा काय दोष? २०११ मध्ये एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने अमेरिकेतल्या ग्रंथालयांसाठी नियम केला की ई-पुस्तक २६ वेळा वाचायला दिलं की संपलं, पुन्हा विकत घ्या. सत्ताविसावा वाचक आला की पुस्तक गायब. या आकड्यामागे कागदी पुस्तक सरासरी किती टिकतं हाही हिशोब धरला होता. म्हणजे जी फाइल झिजत नाही, तिला झिजायला शिकवलं! बायंडिंग उसवण्याचा अभिनय करायला लावला. ग्रंथपालांनी ओरड केली, लोक चिडले, आणि मग बाकीच्यांनीही आपापले वेगळे नियम काढले. कुणी वर्षांची मुदत घातली, कुणी किंमत चढवली.

यात प्रकाशकांना खलनायक ठरवणं सोपं आहे, मी ठरवत नाही. त्यांचे पैसे प्रतीला बांधलेले आहेत. प्रत मोकळी सुटली की पैसेही सुटले. ही गाठ मारली इंग्लंडच्या १७१० च्या कायद्याने. नव्या पुस्तकाच्या प्रती काढण्याचा हक्क १४ वर्षं लेखकाकडे, आणि त्यानंतर लेखक हयात असला तर आणखी १४. त्या काळात हे शहाणपणाचंच होतं. प्रत काढायला छापखाना लागायचा, आणि छापखाने मोजके, त्यांच्यावर नजर ठेवता यायची. आता छापखाना प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि हक्काची मुदत बऱ्याच देशांत लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षांपर्यंत गेलीय. लेखकाला लिहायला प्रोत्साहन मिळावं म्हणून म्हणे. मेल्यावर ७० वर्षं प्रोत्साहन घेत बसलेला लेखक मी तरी पाहिलेला नाही.

जाता जाता एक. १५व्या शतकाच्या शेवटी जर्मनीत योहानेस ट्रिथेमियस नावाचे मठाधिपती होते. मुद्रणकला आली म्हणून भिक्षूंनी हाताने नकला करणं सोडू नये, असं त्यांनी तळमळून लिहिलं. कागदावर छापलेलं किती टिकणार, चर्मपत्रावर लिहिलेलं हजार वर्षं टिकतं, वगैरे. आणि हा मजकूर १४९४ मध्ये प्रसिद्ध कसा केला? छापून! (हशा) मुद्रणाविरुद्धचं प्रचारपत्रक मुद्रणालयातून. आपण कोणीच याहून वेगळं वागत नाही.

बरं, आता मुख्य गोष्ट. आमच्या घरी मी ‘पेट्रिलो’ असं नुसतं म्हटलं तरी मंडळी पाणी प्यायला उठतात. तुम्ही बसून आहात, आभारी आहे.

जेम्स सीझर पेट्रिलो. नाव खरंच सीझर, मी रंगवून सांगत नाही. लहानपणी ट्रम्पेट वाजवायचा, पुढे अमेरिकेतल्या वादकांच्या युनियनचा अध्यक्ष झाला. त्याआधीचं चित्र डोळ्यांपुढे आणा. मूकपटांच्या काळात थिएटरमध्ये पडद्यासमोर वादक बसायचे. मोठं थिएटर असलं तर अख्खा ऑर्केस्ट्रा. १९२७ नंतर बोलपट आले आणि काही वर्षांत हजारो वादक रस्त्यावर आले. त्यांच्या युनियनने वर्तमानपत्रांतून जाहिराती दिल्या, ‘डबाबंद संगीत’ नको म्हणून, आणि त्यात चित्रं कशाची? यंत्रमानवाची. यंत्रमानव आपली कला गिळणार ही ओरड १९३० सालची आहे, एवढं फक्त नोंदवून ठेवा.

मग रेडिओ आणि ज्यूकबॉक्स, म्हणजे नाणं टाकलं की रेकॉर्ड वाजवणारं यंत्र. आता खरी मेख ऐका. वादक स्टुडिओत जायचा, चार गाणी वाजवायचा, त्या दिवसाची मजुरी घेऊन घरी यायचा. ती रेकॉर्ड मग रोज रात्री शेकडो हॉटेलांत वाजायची. त्या हॉटेलांत पूर्वी कोण वाजवायचं? त्याचेच भाऊबंद, कधी तो स्वतः. एका दिवसाच्या मजुरीत त्याने स्वतःच्याच पुढच्या सगळ्या रात्री विकून टाकल्या होत्या. पेट्रिलोला हे दिसलं. तो म्हणाला, मग वाजवायचंच नाही. १ ऑगस्ट १९४२ पासून युनियनचा एकही वादक व्यावसायिक रेकॉर्डिंग करणार नाही.

महायुद्ध ऐन भरात. सरकार चिडलं, वर्तमानपत्रांनी त्याला हुकूमशहा ठरवलं, नावात सीझर होतंच. कंपन्या सुरुवातीला निर्धास्त होत्या, त्यांनी आधीच गाणी भरून ठेवली होती. साठा संपत आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की नुसते गायक वादकांच्या युनियनमध्ये नाहीत! मग वाद्यांच्या जागी माणसांचा कोरस. फ्रँक सिनात्राने १९४३ मध्ये अशी गाणी केली, मागे एक वाद्य नाही, सगळे आपले ‘ऊऊ’ करतायत. कधी मिळाली तर ऐका, उपाशी माणसाच्या मेजवानीसारखी वाटतात. आणि त्याच दोन वर्षांत जॅझमध्ये बीबॉप नावाचं नवं वळण आकाराला येत होतं, रात्री उशिराच्या बैठकांत. चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी. बीबॉपचे सुरुवातीचे दिवस जवळजवळ कुठे नोंदलेच गेले नाहीत. माझ्या मते या संपाचं सगळ्यात मोठं नुकसान तेच.

१९४४ च्या ऑक्टोबरमध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी तार केली, आता पुरे. पेट्रिलोने नाही म्हणून कळवलं! डेक्का कंपनी आदल्या वर्षीच वाकली होती, उरलेल्या दोन मोठ्या कंपन्या त्या नोव्हेंबरात वाकल्या.

आणि मागितलं काय होतं? रेकॉर्ड बंद करा असं नव्हे. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक रेकॉर्डमागे थोडी रक्कम एका निधीत टाका. त्या निधीतून बेकार वादकांना पैसे देऊन बागांत, रुग्णालयांत, शाळांत कार्यक्रम करायचे. ऐकणाऱ्याला फुकट! प्रत धावू दे हवी तेवढी, तिच्यावर एक बारीक उपकर, आणि त्यातून जिवंत हातांना काम. पुढे १९४७ च्या कायद्याने असा निधी युनियनच्या ताब्यात ठेवायला मनाई केली, १९४८ मध्ये पुन्हा वर्षभर रेकॉर्डिंग बंद पडलं, आणि शेवटी तटस्थ विश्वस्त नेमून निधी पुन्हा उभा राहिला. तो आजही आहे, अंगाने बराच रोडावलेला.

मला हे सगळं सांगायचं कारण... थांबा, चिठ्ठी आलीय. ‘दहा मिनिटे.’ दहा मिनिटं झाली की दहा उरली? (हशा) उरली. आणि काम, कला, समाज तिन्ही शिल्लक. बरं, भराभर जातो.

काम. १९३० मध्येच अर्थशास्त्रज्ञ केन्सने लिहिलं होतं की शंभर वर्षांनी माणसाला आठवड्याला १५ तास काम पुरेल. २०३० आता काही लांब नाही, आणि इथे कुणाचे १५ तास आहेत, हात वर करा. कुणीच नाही. विपुलतेने काम संपत नाही, ते अशा कोपऱ्यात सरकतं जिथे कुणी पैसे देत नाही. फुकट वाटल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरचंच बघा. जगातले सगळ्यात वेगवान ५०० महासंगणक लिनक्स या अशाच फुकट प्रणालीवर चालतात. पण त्याच दुनियेत ‘एक्सझेड’ नावाचं फाइली दाबून लहान करणारं एक छोटं साधन आहे, असंख्य सर्व्हरवर बसवलेलं, आणि ते सांभाळायला मुख्यतः एकच थकलेला स्वयंसेवक. मदतीच्या मिषाने कुणीतरी दोनेक वर्षं त्याचा विश्वास कमावला आणि त्यात चोरवाट घातली. २०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, म्हणून पकडलं गेलं. अर्धा सेकंद! प्रत कितीही वेळा काढा, तिची निगा राखणाऱ्या माणसाची प्रत निघत नाही, आणि त्याच्या पगाराची सोय कुठल्याच खात्यात नाही.

कला. यावर मी खरं तर अर्धा तास ठेवला होता. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच दाखवून दिलं होतं की माहिती मुबलक झाली की अवधान दुर्मीळ होतं. ते झालंच. आताची गोष्ट निराळी आहे. आजवर दुसरी प्रत फुकट होती, पहिली महाग होती. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रं पहिल्या प्रतीलाही स्वस्त करायला निघालीत, आणि ती शिकलीत कशावर? लोकांनी आधी करून ठेवलेल्या कामावर. म्हणजे पुन्हा तो स्टुडिओतला वादक! फरक इतकाच की त्याला निदान त्या दिवसाची मजुरी मिळाली होती. यावर कोर्टकचेऱ्या चालू आहेत, त्या चालोत. पण एकेक चित्र, एकेक वाक्य कुठून आलं याचा हिशोब लावत बसाल तर फक्त वकिलांची घरं चालतील. निधी काढणं जास्त सोपं आहे.

समाज. यात नवीन काही शोधायची गरज नाही. डेन्मार्कने १९४६ मध्ये ग्रंथालयातून पुस्तकं वाचली जातात म्हणून लेखकांना सरकारातून मोबदला द्यायला सुरुवात केली. वाचकाला पुस्तक फुकट, लेखकाला पैसे, मध्ये पहारेकरी कुणी नाही. जर्मनीने १९६५ मध्ये ध्वनिमुद्रणाच्या उपकरणांवरच आकार बसवला. घरात कोण काय टेप करतंय हे बघायला दाराआड उभं राहण्यापेक्षा हे बरं. माझं म्हणणं एवढंच की हीच वाट रुंद करा. ज्या कंपन्या प्रतींच्या ओघावर, साठ्यावर आणि आता शिकवलेल्या यंत्रांवर कमावतात, त्यांच्याकडून ठोक उपकर घ्या आणि प्रत मोकळी सोडा. कारण गाण्याची प्रत निघते, पण घराची निघत नाही, जमिनीची निघत नाही, डॉक्टरच्या वेळेची निघत नाही. ज्याच्या कामाची प्रत फुकट झाली त्याला या प्रत न निघणाऱ्या वस्तू रोख पैशांतच घ्याव्या लागतात.

आता तुम्ही विचाराल, तो निधी वाटणार कोण? हा प्रश्न मला टाळता येणार नाही, कारण पेट्रिलोचा निधी तिथेच अडखळला. १९५० च्या दशकात लॉस एंजेलिसचे स्टुडिओ-वादक त्याच्यावर उलटले. ते म्हणाले, रेकॉर्डवर वाजवतो आम्ही, आणि आमच्या वाद्याचे पैसे जातात कुठल्या तरी गावच्या बागेत वाजवणाऱ्याला. त्यांनी १९५८ मध्ये वेगळी संघटनाच काढली. त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. म्हणून माझ्या हिशोबात निम्मा निधी ज्यांचं काम वापरलं जातं त्यांना, आणि निम्मा अजून न झालेल्या कामाला. निम्माच का, चाळीस टक्के का नाही, याला माझ्याकडे शास्त्र नाही. आणि कंपन्या हा उपकर शेवटी ग्राहकाच्याच खिशातून काढतील हेही खरं. रेकॉर्ड कंपन्यांनी काही वेगळं केलं असेल असं मला वाटत नाही.

अध्यक्ष उठून उभे राहिलेत, म्हणजे माझी वेळ संपली. प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतल्या ताई, तुमचा हात मघापासून वर आहे, बोला.