‘ॲडमिनिस्ट्रेटर’चं नाव बदलताना

मंडळी, छोट्या ऑफिसात विंडोज सर्व्हर बहुधा एकच असतो. टॅलीचा डेटा त्यावर, शेअर केलेले फोल्डर त्यावर, रात्रीचा बॅकअपही त्यावरूनच, आणि हे सगळं ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ या एकाच खात्यावर चालतं. रिमोट डेस्कटॉपचं, म्हणजे दुरून सर्व्हरचा पडदा उघडून काम करण्याच्या सोयीचं, ३३८९ पोर्ट राउटरवरून इंटरनेटला उघडं असेल, तर पासवर्ड शोधणारे प्रोग्राम रात्रंदिवस हेच नाव वापरून पाहतात. म्हणून आधी ते पोर्ट बंद करा, बाहेरून यायचं तर व्हीपीएनमधूनच, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतच्या सुरक्षित खासगी जोडणीतूनच, या. ऑक्टोबर २०२२ च्या अपडेटपर्यंत लोकल ॲडमिनिस्ट्रेटरला लॉकआउटसुद्धा (पासवर्ड वारंवार चुकला की खातं काही वेळ बंद होणं) लागू होत नसे. आता त्यासाठी पॉलिसी आहे, पण जुन्या मशीनवर ती स्वतः चालू करावी लागते. १० चुकांनंतर १० मिनिटं खातं बंद, हे प्रमाण ठीक आहे.

नाव बदलल्याने अंदाजाने केलेले हल्ले वाया जातात. त्यापलीकडे फार अपेक्षा ठेवू नका. विंडोज खातं ओळखतो ते त्याच्या एसआयडीवरून, म्हणजे खात्याच्या कायमच्या ओळख क्रमांकावरून, आणि या खात्याचा एसआयडी नेहमी ५०० वर संपतो. नेटवर्कमध्ये साधं लॉगिन असलेल्या कोणालाही त्यावरून नवं नाव काढता येतं.

खरी मेहनत आहे ती हे नाव कुठे कुठे लिहून ठेवलंय ते शोधण्याची. सर्व्हिसेसच्या, म्हणजे मागे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामांच्या, यादीत ‘लॉग ऑन ॲज’ हा रकाना पाहा. सर्व्हिस खात्याचं नाव अक्षरशः साठवते. नाव बदललं तरी चालू असलेली सर्व्हिस चालूच राहते, आणि पुढच्या रीस्टार्टला १०६९ क्रमांकाची एरर देऊन बंद पडते. तो रीस्टार्ट महिन्याने झाला, तर नाव बदलल्याचं कोणाच्या लक्षातही नसतं. म्हणून बदल केल्यावर त्याच दिवशी सर्व्हर रीस्टार्ट करा. बॅकअप सॉफ्टवेअर, सर्व्हरवर स्कॅन टाकणारं झेरॉक्स मशीन, एनएएस (नेटवर्कवरचा साठवणुकीचा डबा), इतर कम्प्युटरांवर विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड, हेही तपासा. यातल्या प्रत्येकाला लागतील तेवढ्याच परवानग्यांचं वेगळं खातं द्यावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. तेवढं केलंत की नाव बदलल्याने काहीच अडत नाही.

मग स्वतःसाठी दुसरं ॲडमिन खातं काढा, त्याने लॉगिन होतंय याची खात्री करा आणि पूर्ण बॅकअप घ्या. आता लोकल सिक्युरिटी पॉलिसीत लोकल पॉलिसीज, त्यात सिक्युरिटी ऑप्शन्स, आणि तिथे ‘अकाउंट्स: रिनेम ॲडमिनिस्ट्रेटर अकाउंट’. नाव २० अक्षरांच्या आत ठेवा. ‘ॲडमिन’, कंपनीचं नाव, मालकांचं नाव हे हल्लेखोर पहिल्यांदा वापरून पाहतात. खात्याच्या डिस्क्रिप्शनमध्ये ‘बिल्ट-इन अकाउंट’ असं लिहिलेलं असतं, तेही बदला. सी ड्राइव्हवरचं जुन्या नावाचं युजर फोल्डर मात्र तसंच राहू द्या. प्रोफाइलचा पत्ता रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) तोच असतो, आणि फोल्डरचं नाव हाताने बदललं की प्रोफाइल बिघडतं.

डोमेन असेल, म्हणजे सगळ्या कम्प्युटरांची खाती सर्व्हरवर एकाच ठिकाणी सांभाळली जात असतील, तर ॲक्टिव्ह डिरेक्टरी या त्या खात्यांच्या यादीत विंडोज २००० पूर्वीच्या लॉगऑन नावाचा रकानाही बदलावा लागतो. नुसतं यादीत दिसणारं नाव बदललं, तर लॉगिन जुन्याच नावाने होत राहतं. ही यादी दुरुस्त करायला सर्व्हर ज्यात सुरू करतात, त्या डिरेक्टरी रिस्टोअर मोडचं ॲडमिनिस्ट्रेटर खातं यापासून वेगळं आहे, त्याचा पासवर्डही वेगळा. तो कुठे लिहून ठेवलाय हे आजच पाहा.

नंतरचे काही दिवस सिक्युरिटी लॉगमधली ४६२५ क्रमांकाची, म्हणजे फसलेल्या लॉगिनची, नोंद रोज वाचा. त्यातल्या सब-स्टेटस या कोडच्या शेवटी ६४ असेल तर त्या नावाचं खातंच नाही. ६ए असेल तर नाव बरोबर, पासवर्ड चुकीचा. जुनं नाव, ६४ आणि ऑफिसमधलाच आयपी दिसला, तर एखादं उपकरण बदलायचं राहून गेलंय. नव्या नावावर ६ए दिसला आणि तो प्रयत्न तुमच्यापैकी कोणाचा नसेल, तर नवं नाव कोणाला तरी कळलं आहे. नोंदीतल्या आयपीवरून ते मशीन शोधा, नेटवर्कपासून तोडा आणि सगळे ॲडमिन पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदला.