बार्शी, परांडा, भूम: गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचा माग

(दृश्य: बार्शीचं एसटी स्थानक, सकाळची वेळ. भूमची गाडी लागते आहे.)

बार्शी तालुका सोलापूर जिल्ह्यातला, पण बाजाराला आणि दवाखान्याला इथं शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातली माणसं सर्रास येतात. भगवंताचं देऊळ, तुरीचा बाजार, आणि नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय.

1987 साली या रुग्णालयात एक काम सुरू झालं. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांत कॅन्सर कुणाला झाला, कुठला झाला आणि पुढं त्या माणसाचं काय झालं, हे गावोगाव लिहून ठेवायचं. देशातली ही पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी.

शहरात अशी नोंदणी दवाखान्यांच्या आणि लॅबच्या कागदांवरून होते. खेड्यात कागद आणणार कुठून? बाई लॅबपर्यंत पोचलेलीच नसते. म्हणून टाटा हॉस्पिटलच्या डॉ. कस्तुरी जयंत आणि बार्शीचे डॉ. बी. एम. नेने यांच्या या कामात रुग्णाची वाट बघत बसायचं नाही असं ठरलं. कार्यकर्ते घरोघरी जाऊ लागले. संशय आला, तर त्या व्यक्तीला बार्शीला तपासणीसाठी पाठवायचं.

(दृश्य: अंगण. दोघी बोलताना.)

"मावशी, पाळी जाऊन किती वर्षं झाली?"
"झाली की आठ-धा."
"मधे परत अंगावर गेलं का कधी?"

याचं उत्तर अंगणात मिळत नाही. सासू उठून आत गेली, की मिळतं. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाणं, संबंधानंतर रक्त दिसणं, वास येणारं पाणी जाणं: गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची ही लक्षणं बाई महिनोन्महिने अंगावर काढते. उष्णता आहे, वय झालंय, सुगी उरकू दे, मग बघू.

आणि इथं एक गंमत झाली. 1995 मध्ये या नोंदणीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गावात तेव्हा सार्वत्रिक तपासणी नव्हती, नवं यंत्र नव्हतं. लोक येऊन लक्षणं समजावून सांगत होते, एवढंच. तरी बार्शीत येणाऱ्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर येऊ लागल्या होत्या. पुढच्या मोठ्या चाचण्यांचं कौतुक जगभर झालं, पण आमच्या मते खरी बातमी ही होती.

(दृश्य: नकाशा. तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव जिल्हा.)

1999 मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात मोठा प्रयोग सुरू झाला. गावांचे 52 गट, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका. सोबत टाटा हॉस्पिटल आणि फ्रान्समधल्या ल्यों शहरातली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था. बायकांचे चार भाग केले. एका भागाला पॅप तपासणी, म्हणजे पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. दुसऱ्याला व्हिनेगरची तपासणी, म्हणजे पिशवीच्या तोंडाला व्हिनेगर लावून नुसत्या नजरेनं बघायचं. तिसऱ्याला एचपीव्ही तपासणी, म्हणजे ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो, तोच शोधायचा. चौथ्या भागाला नेहमीची सेवा, म्हणजे तपासणी नाही.

निकाल 2009 मध्ये आला. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही तपासणी झालेल्या बायकांमध्ये 8 वर्षांत या कॅन्सरनं 34 मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या गटात 64. जवळजवळ निम्मे. बाकीच्या दोन तपासण्यांचा तेवढा ठोस फरक दिसला नाही.

त्या 64 जणींचं काय, हा प्रश्न उठला आणि उठायलाच हवा होता. तपासणीनं जीव वाचतो हे परदेशात माहीत असताना एका गटाला ती का दिली नाही? त्या वेळी सरकारी सेवेत अशी तपासणी नव्हतीच, असं उत्तर दिलं गेलं. ते खरं होतं. पण त्या उत्तरानं समाधान होत नाही.

(दृश्य: ट्रे, कापसाचा बोळा, बॅटरी.)

व्हिनेगरची तपासणी मात्र मोडीत काढू नये. मुंबईच्या वस्त्यांत 1998 पासून टाटा हॉस्पिटलनं दीड लाख बायकांवर तिचा अभ्यास केला. तपासणाऱ्या होत्या दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायका, चार आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या. पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. बिघडलेला भाग पांढरा दिसू लागतो. लॅब नको, रिपोर्टची वाट नको. दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या झाल्या. 12 वर्षांनी हिशेब केला, तर मृत्यू 31 टक्क्यांनी कमी.

2016 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत हीच तपासणी आली: 30 ते 65 वयाच्या प्रत्येक बाईची, दर पाच वर्षांनी. आता 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा ऐका. 30 ते 49 वयाच्या भारतीय बायकांपैकी ही तपासणी कधी तरी झालेल्या 1.9 टक्के.

(दृश्य: उसाचा फड, बैलगाड्या.)

धाराशिवला लागून बीड. 2019 मध्ये इथल्या 82 हजारांवर ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली. त्यांतल्या 13 हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पांढरं जातंय म्हणून दवाखान्यात गेलेल्या कितीतरी जणींनी एकच वाक्य सांगितलं, 'डॉक्टर म्हणाले, कॅन्सर होईल.' कॅन्सर आहे की नाही, हे सांगणारी तपासणी फडापर्यंत पोचली नाही. त्याची भीती मात्र बिनबोभाट पोचली, आणि तिच्यावर धंदा झाला. मिनिटभराच्या तपासणीऐवजी ऑपरेशन, आणि त्यासाठी मुकादमाकडून उचल.

(दृश्य: पुन्हा बार्शी. रेडिएशन विभागाबाहेरचा बाक.)

बिघाड कॅन्सरच्या आधीच सापडला, तर तो भाग गोठवून किंवा शेकून काही मिनिटांत नष्ट करता येतो. बाई चालत घरी जाते. उशीर झाला, की पाच आठवडे रोज रेडिएशन, जोडीला केमो, शेवटी आतून दिलं जाणारं रेडिएशन. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचाराचा खर्च बसतो. बुडालेला रोज, सोबत आलेल्या लेकीचं जेवण, राहण्याची सोय, हे त्यात बसत नाही. मुंबईला गेलेल्यांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आधार देते, पण तिथंही खोल्या मोजक्याच.

त्यामुळे पुष्कळ जणी उपचार मधेच सोडून गावी परततात. बार्शीच्या कार्यकर्त्यांना अशांच्या घरी पुन्हा जावं लागतं.

आता जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही तपासणीलाच पहिली पसंती देते, आणि नमुना बाईनं स्वतः घेतला तरी चालतो. पडद्याआड, स्वतःच्या हातानं. लाजेचा प्रश्न बराचसा सुटला. नमुना लॅबमध्ये जाईल, निकाल फोनवर येईल. तो फोन बहुतेक घरांत नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असतो. म्हणजे निकाल सांगायला कुणाला तरी पुन्हा त्याच अंगणात जावं लागणार, आणि सासू आत जाईपर्यंत थांबावं लागणार. आशाताईंच्या कामाच्या यादीत त्या थांबण्याचा मोबदला अजून कुणी धरलेला नाही.