हव्यासाचे मूळ

१९५४ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत खोलवर बारीक तार बसवली आणि पिंजऱ्यातील कळ दाबताच त्या जागी विजेचा सौम्य प्रवाह पोहोचेल अशी व्यवस्था केली. उंदीर ती कळ पुन्हा पुन्हा, थांबल्याविना दाबत राहिले. पुढे झालेल्या प्रयोगांत तर भुकेलेल्या उंदरांनी समोरच्या अन्नाकडे पाठ फिरवून कळ जवळ केली. मेंदूतील सुखाचे केंद्रच हाती लागले, असा निष्कर्ष तेव्हा काढला गेला. तो अपुरा होता, आणि व्यसनी माणूस म्हणजे सुखाला चटावलेला माणूस, हा समज त्यामुळे अधिकच पक्का झाला.

मध्यमेंदूतील तुलनेने थोड्या चेतापेशी डोपामाइन हे रसायन तयार करतात. मेंदूसंशोधक वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांमधील या पेशींचे निरीक्षण केले. माकडाला फळांचा रस अनपेक्षितपणे मिळाला की पेशी उसळून संदेश देत. मात्र रसाच्या आधी दरवेळी एखादी खूण मिळू लागली की काही काळाने त्या पेशी खुणेलाच प्रतिसाद देत आणि प्रत्यक्ष रस मिळताना शांत राहत. खूण मिळूनही रस आला नाही, तर त्यांचे काम नेहमीच्या पातळीच्याही खाली जाई. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांच्यातील तफावत मोजून पुढच्या वेळेसाठी शिकवण देणारी ही यंत्रणा आहे. अन्न दुर्मीळ असलेल्या जगात ती जीव वाचवणारी होती. निकोटिन, दारू, अफूजन्य पदार्थ आणि कोकेन मात्र वेगवेगळ्या मार्गांनी डोपामाइनची पातळी थेट वाढवतात, आणि न मिळालेल्या लाभाचीही नोंद मेंदूत मोठा लाभ म्हणून होते.

मेंदूसंशोधक केंट बेरिज यांचे काम याहून महत्त्वाचे आहे, असे आम्हाला वाटते. ज्या उंदरांच्या मेंदूतील डोपामाइन जवळजवळ नष्ट केले होते, ते स्वतःहून अन्नाकडे जात नसत, भरवले नाही तर उपाशी मरत. पण जिभेवर साखरेचे पाणी पडताच पूर्वीसारखेच ओठ चाटत. गोडी त्यांना कळत होती, ओढ तेवढी संपली होती. म्हणजे एखादी गोष्ट हवीशी वाटणे आणि ती आवडणे या मेंदूतील दोन वेगळ्या क्रिया आहेत. व्यसनात पहिली वाढत जाते आणि दुसरी अनेकदा ओसरते. ‘आता त्यात मजा राहिली नाही, तरी सुटत नाही’ असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो.

माणसांतील सर्वांत बोलका पुरावा पार्किन्सनच्या रुग्णांकडून मिळाला. या आजारात डोपामाइन बनवणाऱ्या पेशी मरत जातात, म्हणून त्याचे काम करणारी औषधे दिली जातात. ती सुरू झाल्यावर, आयुष्यभर काटकसरीने वागलेली काही माणसे जुगारात बुडाली, काहींना खरेदीचा, खाण्याचा किंवा कामवासनेचा आवेग आवरेनासा झाला. तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या २०१० मधील अभ्यासात अशी औषधे घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी सुमारे ७ टक्के रुग्णांत हे आवेग आढळले. औषध कमी केले किंवा थांबवले की बहुतेकांची वागणूक पूर्ववत होते. वर्षानुवर्षे ज्याला आपण शील म्हणत आलो, ते औषधाच्या मात्रेने हलू शकते, ही गोष्ट अस्वस्थ करणारी आहे आणि ती तशीच स्वीकारायला हवी.

मत्सराचे मूळही फार दूर नाही. जपानमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हेवा वाटताना मेंदूचा वेदनेशी निगडित एक भाग सक्रिय झाला. आणि जिचा हेवा वाटत होता त्याच व्यक्तीवर संकट आल्याचे कळताच लाभाची नोंद घेणारा भाग उजळला.

या आवेगांना आवर घालण्याचे काम कपाळामागील अग्रमेंदू करतो. त्याची वाढ पंचविशीपर्यंत चालते, आणि कमी वयात सुरू झालेले व्यसन सोडणे अधिक जड जाते त्याचे हे एक कारण मानले जाते. व्यसनाधीनतेच्या शक्यतेत आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा असतो.

उरलेल्या वाट्याचे उत्तर व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांनी दिले. संशोधक ली रॉबिन्स यांच्या पाहणीत, तिथे असताना सुमारे दर पाचांतील एक जण अफूजन्य पदार्थांच्या आहारी गेल्याचे दिसले. मायदेशी आल्यावर तीन वर्षांत त्यांपैकी फक्त १२ टक्के पुन्हा व्यसनाधीन झाले. तेच सोबती, तीच जागा, तीच भीती आणि सहज हाताशी येणारा माल, या ओढ जागवणाऱ्या खुणा हजारो मैल मागे राहिल्या होत्या. उपचार घेऊन आपल्याच वस्तीत, आपल्याच सोबत्यांत परतणाऱ्या व्यसनी माणसाला मात्र या खुणा दररोज भेटतात, आणि त्याच्यात व्यसन उलटण्याचे प्रमाण कितीतरी जास्त असते.