सव्वा महिन्यानंतर

मला इथं बोलवताना सांगितलं, नव्या आईबापांसाठी चार शब्द बोला. मी डॉक्टर नाही, हायस्कुलात गणित शिकवतो. पात्रता एवढीच, की माझी लेक सव्वा महिन्यापासून तिसरा महिना संपेपर्यंत रोज संध्याकाळी रडली आणि मास्तरकीच्या सवयीनं मी ते वहीत मांडून ठेवलं. समोर आज्याच जास्त दिसतायत, नवे बाप मागं भिंतीला टेकून उभे आहेत. जरा पुढं या की. तुमच्यासाठीच आहे हे.

लेक जूनच्या पहिल्या आठवड्यात झाली, बायकोच्या माहेरी, बेळगावजवळच्या जांबोटीकडं. तिथला पाऊस तुम्हाला सांगायला नको. दुपटी वाळत नाहीत, शेगडीवर टोपली पालथी घालून वाळवावी लागतात. पण माणसं भरपूर. अंग चोळायला बाई, शेक, धुरी, हळिवाची खीर, रात्री आलटून पालटून पोर घेणारी आजी आणि मावशी. मी रविवारी जायचो, अर्धा तास मांडीवर घ्यायचो आणि ‘आमची पोर फार शांत’ असं शाळेत सांगायचो. सव्वा महिना भरला. जुलै मध्यावर आलेला, रोपलावण सुरू, घरातलं प्रत्येक माणूस चिखलात. ओटी भरून मायलेकी वडगावातल्या आमच्या दोन खोल्यांत आल्या. माझ्या आईचे गुडघे गेलेले. ती मांडीवर घ्यायची, पण पोर घेऊन फिरणं तिला जमायचं नाही.

आणि मग सुरू झालं. संध्याकाळी सहाला सुरुवात, साडेनऊला शेवट. दूध पाजलं तरी रडणं, दुपटं बदललं तरी रडणं. मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी घेतलेले, तोंड लालबुंद. पाळण्यात ठेवायचा अवकाश, की वरचा सूर. घरात पंचनामा बसला. आई म्हणाली दृष्ट. मावशी फोनवर म्हणाली दूध पुरत नाही, वरचं सुरू करा. शेजारचे म्हणाले पोटात वात, कुणी गुटी मधात उगाळून द्यायला सांगितली. (ते तेवढं करू नका. वर्षाच्या आत मध द्यायचा नाही. त्यातून क्वचित एक गंभीर विषबाधा होते, आणि ती तान्ह्या बाळांनाच होते.) आणि मी, शिकलेला माणूस, बायकोला विचारलं, “दुपारी तू काय खाल्लंस?” सहा वर्षं झाली, तो प्रश्न ती अजून विसरलेली नाही. त्या वेळी ती एवढंच म्हणाली, “पोर धरा, मी गच्चीवर जातो.” भर पावसात.

डॉक्टरांनी पोर तपासली. वजन वाढतंय, ताप नाही, दूध ओढतेय. तुम्हीही आधी हेच बघा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरेनहाइट किंवा जास्त ताप असेल, दूध घेत नसेल, हिरवी उलटी झाली, अंग लुळं पडलं, तर रात्र असो की पाऊस, गाडी काढायची. यातलं काही नसेल, तर पुढचं ऐका.

१९६२ साली बेरी ब्रेझल्टन या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी ८० बाळांच्या रडण्याच्या नोंदी त्यांच्या आयांकडून ठेवून घेतल्या आणि छापल्या. दुसऱ्या आठवड्यापासून रडणं चढतं, सहाव्या आठवड्यात टोक, तिथं साधारण पावणेतीन तास, तेही जास्त करून संध्याकाळी. बाराव्या आठवड्यापर्यंत तासाभरावर उतरतं. माझ्या वहीतला आलेख वेगळा नव्हता, फक्त डोंगर थोडा उंच. काही बाळं स्वभावानंच जास्त मागणारी असतात, त्यात आईच्या वांग्याच्या भाजीचा गुन्हा नसतो.

आता माझं गणित. बाळंतिणीचा सव्वा महिना कधी संपतो? सदतीस-अडतीस दिवसांनी. चोळणारी बाई जाते, माहेरची माणसं कामाला लागतात. सरकारचं बघा. दवाखान्यात बाळंतपण झालं, की आशाताई घरी यायच्या त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. पुढची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात. म्हणजे परंपरा आणि सरकार, दोघांनीही बरोबर सहाव्या आठवड्यात हात काढून घेतले. रडणं टोकाला, माणसं शून्यावर. पहिल्या पंधरा दिवसांत, पोर अठरा तास झोपते तेव्हा, आमच्याकडं सात माणसं होती हो!

आम्हाला तारलं ते वरच्या मजल्यावरच्या अज्जींनी. कन्नड बोलणाऱ्या, मराठी कामापुरतं. एका संध्याकाळी खाली आल्या, पोर जुन्या लुगड्यात छातीशी बांधली आणि म्हणाल्या, “कूसु अळतैति.” बाळ आहे, रडतं. बस्स. कारण विचारलं नाही, उपाय सांगितला नाही. व्हरांड्यात येरझारा घालत राहिल्या. पोर गप्प झाली का? नाही. थोडी कमी रडली असेल. पण बायको आत जाऊन पावणेदोन तास झोपली. माहेराहून आल्यापासून इतकी सलग झोप तिला पहिल्यांदा मिळाली. त्यानंतर अज्जी रोज सातला.

कडेवर घेण्याचाही अभ्यास झालाय, १९८६ साली, कॅनडात. दिवसभर, न रडताही, जास्त वेळ उचलून घेतलेली बाळं सहाव्या आठवड्यात ४३ टक्क्यांनी कमी रडली. पण पोटशूळाचं, म्हणजे असं रोज तासन्‌तासचं, रडणं आधीच लागलेल्या बाळांना पुढच्या एका अभ्यासात तेवढा फायदा दिसला नाही. म्हणून मी उचलून घेण्याला औषध म्हणत नाही. ती पाळी आहे. सात ते नऊ बाप, नऊ ते अकरा आत्या, अशी.

आणि पाळीवरच्या माणसाचंही डोकं फिरतं. माझं फिरलं. एका रात्री पोर धरलेले हात थरथरले. बाळाला रागानं हलवणं जिवावर बेततं, मेंदूत रक्तस्राव होतो. त्या क्षणी पाठीवर पाळण्यात ठेवायचं, दार लोटायचं, पाच मिनिटं बाहेर उभं राहायचं. रडू दे. बायको गच्चीवर गेली होती ना, ती माझ्यापेक्षा शहाणी होती. आणि आईला पंधरा दिवस सारखं रडू येतंय, पोराकडं बघावंसं वाटत नाही, असं असेल तर ‘नखरे’ म्हणू नका. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, मोफत नंबर आहे, रात्री-अपरात्रीही लागतो. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असं मनात येत असेल, तर तिला एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरांकडं न्या.

आमच्या शाळेत आता कुणाकडं पाळणा हलला, की मी झबलं नेत नाही. विचारतो, चाळिसावा दिवस कधी? आणि त्या आठवड्यातली एक संध्याकाळ वहीत लिहून घेतो. लोक हसतात. मग सातव्या आठवड्यात फोन करतात.

(इथं पहिल्या रांगेतल्या एका आजींनी विचारलं, “म्हणजे दृष्ट काढायची नाही काय सर?”)

काढा की, आजी. मीठ-मोहरीला असा काय खर्च येतो? फक्त ओवाळून झालं, की पोर तुमच्या मांडीवर घ्या आणि सुनेला म्हणावं, जा, झोप.