कुठे मोडू द्यायचं, ते आधी ठरवू: उंच इमारती आणि दुर्मीळ भूकंप

आज बोलायचं आहे ते सरासरी २,४७५ वर्षांतून एकदा येणाऱ्या हादऱ्याबद्दल. पन्नास वर्षांत तो ओलांडला जाण्याची शक्यता २ टक्के धरली की हा आकडा निघतो. ४७५ वर्षांचा म्हणतात त्या भूकंपासाठी हीच शक्यता १० टक्के असते. मागचा भूकंप होऊन तीनशे वर्षं झाली, तेव्हा अजून सवड आहे, असा अर्थ मात्र यातून काढू नका. या गणितात जोखीम दर वर्षी सारखीच धरलेली असते.

एवढा मोठा हादरा तडासुद्धा न जाता सोसेल अशी इमारत बांधायची, तर भिंती इतक्या जाड होतील की आत वापरायला जागा उरणार नाही. म्हणून बांधकामाची संहिता (नियमावली) दुसऱ्या वाटेने जाते. सांगाडा पूर्ण लवचीक राहिला, म्हणजे हादऱ्यानंतर जसाच्या तसा मूळ आकारात परतला, तर जेवढं बल येईल, त्याला प्रकारानुसार पाच ते आठने भागायचं आणि तेवढ्याच ताकदीचं डिझाइन करायचं. बाकीची भरपाई सळईच्या ताणण्यातून होते. ५०० मेगापास्कल ताकदीची सळई पाव टक्का लांबली की तिचं लवचीक वागणं संपतं, पण चांगली सळई तुटेपर्यंत १० टक्क्यांच्या वर ताणली जाते. आपला सगळा व्यवहार या मधल्या टापूत चालतो. थोडक्यात, नुकसान होणार हे डिझाइन करतानाच मान्य केलेलं असतं. ते कुठे होऊ द्यायचं, तेवढं आपल्या हातात असतं.

उंच इमारतीचा आवर्तकाल, म्हणजे एक पूर्ण डोल घ्यायला लागणारा वेळ, ढोबळमानाने मजल्यामागे एक दशांश सेकंद धरतात. चाळीस मजल्यांना चार सेकंद. एवढ्या संथ डोलणाऱ्या इमारतीवर येणारं त्वरण कमी असतं, आणि कित्येकदा ताकदीचा हिशेब वाऱ्याच्या बलावरच ठरतो. इथे डिझाइनर गाफील राहतात. बल कमी आलं तरी सरकणं कमी होत नाही, आणि जमिनीची लय इमारतीच्या लयीशी जुळली तर केंद्र लांब आहे हा दिलासाही उरत नाही. १९८५ मध्ये मेक्सिको सिटी भूकंपकेंद्रापासून साडेतीनशे किलोमीटरहून दूर होती. तिथल्या जुन्या तळ्याच्या मऊ मातीने दोन सेकंदांच्या आसपासची कंपनं फुगवली आणि मध्यम उंचीच्या इमारती कोसळल्या. ४४ मजली टोरे लॅटिनोअमेरिकाना उभी राहिली. २०११ च्या जपानच्या भूकंपात ओसाकातली ५५ मजली सरकारी इमारत केंद्रापासून ७०० किलोमीटरहून दूर होती, तरी तिचे वरचे मजले एका बाजूला मीटरभराहून जास्त झुलले. त्यामुळे जमिनीचा अभ्यास आधी, आराखडा नंतर.

आता मोडण्याच्या जागांकडे येऊ. मधोमध लिफ्ट-जिन्याचा काँक्रीटचा कोअर असलेली इमारत घ्या. मोडायला परवानगी दोनच ठिकाणी: कोअरच्या पायथ्याशी आणि दरवाजांवरच्या कपलिंग बीममध्ये, म्हणजे दोन बाजूंच्या भिंती जोडणाऱ्या तुळयांत.

पायथ्याशी भिंत वाकते तेव्हा एका टोकाची सळई ताणली जाते आणि दुसऱ्या टोकाचं काँक्रीट चिरडलं जाऊ लागतं. साधं काँक्रीट दाबाखाली ०.३ ते ०.३५ टक्के आखूड झालं की फुटतं. तेच रिंगांनी, म्हणजे उभ्या सळयांभोवतीच्या आडव्या वेढ्यांनी, घट्ट आवळलेलं असलं तर एक टक्क्याच्या पुढेही भार घेतं. म्हणजे भिंतीच्या टोकातल्या रिंगा हाच इमारतीचा विमा. त्यांचे हुक १३५ अंशांत आत वळलेले हवेत. ९० अंशांचा हुक बांधायला सोपा, पण सळईवरचं काँक्रीटचं कव्हर उडालं की तो उघडतो, उभी सळई बाहेर फुगते आणि मग काँक्रीटला धरायला कुणीच नसतं. चिलीत २०१० साली ८.८ तीव्रतेच्या भूकंपात नेमकं हेच दिसलं. भिंती १५-२० सेंटिमीटरच्या, टोकांना रिंगा विरळ, हुक ९० अंशांचे. शिवाय वाहनतळासाठी खालच्या मजल्यावर भिंतीची लांबी कमी केलेली. कॉन्सेप्सिओनमधली १५ मजली आल्तो रिओ इमारत तर आडवी झाली. नंतर चिलीने नियम बदलून भिंतीवरच्या उभ्या भारावर मर्यादा घातली. भिंत आधीच भाराने दबलेली असेल तर तिला वाकायला वाव राहत नाही, हे त्यामागचं कारण.

साइटवरची एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती ऐकून अनेकांना नवल वाटतं. ५०० ची सळई मागवली आणि प्रत्यक्षात ६५० ची आली, तर ते सुदैव नाही. सळई तीस टक्के जास्त बलाला शरण जाते, म्हणजे लवचीकपणा सोडून ताणली जाऊ लागते. त्यामुळे पायथ्याचं नमन-आघूर्ण (भिंतीला वाकवणारा जोर) जवळपास तेवढंच वाढतं आणि त्याच्याबरोबर कातरबल, म्हणजे भिंतीला कापू पाहणारं आडवं बलही. कातरबलात भिंत फुटते ती एकदम, पूर्वसूचना न देता. म्हणून मोडायच्या जागेतल्या सळईला किमान ताकदीबरोबर कमाल मर्यादाही लिहा आणि प्रत्येक खेपेचा चाचणी अहवाल बघा. अंतिम ताकद शरण-ताकदीच्या किमान सव्वापट हवी. तरच ताणणं एकाच तड्यापाशी न साचता भिंतीच्या उंचीवर पसरतं.

कातरबलाची दुसरी गोम उच्च कंपनरूपांत आहे. अख्खी इमारत एकाच बाजूला झुलते ते पहिलं रूप, नागमोडी वळत झुलते ती दुसरं-तिसरं. पायथा शरण गेला की पहिल्या रूपाचं बल तिथेच थबकतं, दुसरं-तिसरं रूप मात्र जोर धरून राहतं. नेहमीच्या भागाकाराच्या हिशेबाने आलेल्या कातरबलाच्या दुप्पट-तिप्पट बल प्रत्यक्षात येऊ शकतं. भिंतीची जाडी बहुधा यावरच ठरते, वाकण्यावर नाही.

कपलिंग बीमचं गणित फळ्यावर करू. दरवाजाच्या दोन्ही बाजूंना चार-चार मीटरच्या भिंती, मध्ये दोन मीटरचा दरवाजा. भिंतींच्या मध्यरेषांतलं अंतर सहा मीटर. भिंत एक टक्का कलली तर बीमला सहा भागिले दोन, म्हणजे तिप्पट, तीन टक्के वळावं लागतं. आखूड आणि खोल बीम आडव्या सळयांवर हे सोसत नाही, सरळ सरकून फुटतो. लांबी खोलीच्या दुपटीहून कमी असेल तर सळयांचे दोन जुडगे फुलीच्या आकारात घालणं हाच भरवशाचा उपाय. पण त्या जुडग्यांना भिंतीच्या टोकातल्या दाट रिंगांमधून वाट काढायची असते. भिंत ४० सेंटिमीटरहून पातळ असली की सळया बांधणारे बारबेंडर हात टेकतात. कागदावर बसलेली सळई साच्यात बसेलच असं नाही. प्रत्येक सळईची खरी जाडी धरून एक सांधा पूर्ण मापाने काढून बघा, मगच नकाशे द्या.

उरलेले कॉलम फक्त उभा भार घेतात म्हणून त्यांना भूकंपाच्या हिशेबातून वगळू नका. ३.२ मीटरचा मजला तीन टक्के सरकला तर वरचा स्लॅब खालच्यापेक्षा ९६ मिलिमीटर पुढे जातो, आणि कॉलमला त्याच्याबरोबर जावंच लागतं. सपाट स्लॅब कॉलमभोवती पंच होऊन, म्हणजे कॉलमने भोक पाडल्यासारखा फाटून, खाली बसण्याचा धोका तेव्हाच असतो.

हे सगळं तपासायला अरेषीय विश्लेषण करतात, म्हणजे सळई-काँक्रीट शरण गेल्यानंतरचं वागणंही हिशेबात धरतात. त्या जागेला साजेशा किमान ११ भूकंपनोंदी निवडून इमारत संगणकात हलवायची. उंच इमारतींसाठीच्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांत मजल्याचं सरकणं सरासरी ३ टक्के आणि कुठल्याही एका नोंदीत ४.५ टक्के, अशी मर्यादा आहे. हादरा थांबल्यावर उरणारा कल सरासरी १ टक्का. अवमंदन, म्हणजे डोलणं आपोआप शमण्याचं प्रमाण, सवयीने ५ टक्के टाकू नका. उंच इमारतीत ते अडीच टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. ५ टक्के धरलं की उत्तर देखणं येतं, एवढंच.

डॅम्परविषयी, म्हणजे डोलणं शमवणाऱ्या साधनांविषयी, हमखास प्रश्न येतो, म्हणून थोडक्यात. तैपेई १०१ मधला ६६० टनांचा गोळा मुख्यतः वाऱ्यातलं डोलणं कमी करायला आहे. मोठ्या भूकंपाची मदार त्याच्यावर नाही. सांगाड्यात विखरून बसवलेले द्रवाचे डॅम्पर आणि दाबाखाली न वाकणाऱ्या ब्रेसेस (तिरके आधार) यांचा उपयोग खरा आहे. पण त्यांना धरून ठेवणारे सांधे त्यांच्यापेक्षा भक्कम नसतील तर पैसे वाया गेले समजा.

शेवटी जिना. क्राइस्टचर्चमध्ये २०११ साली एका १८ मजली इमारतीचा सांगाडा उभा राहिला, पण जिने कोसळले आणि लोक वर अडकले. जिन्याचं वरचं टोक पक्कं करा, खालचं सरकतं ठेवा. मघाच्या ९६ मिलिमीटरच्या हिशेबाने सरकत्या टोकाला दोन्ही दिशांना निदान तेवढी मोकळीक हवी आणि टोक पूर्ण मागे सरकलं तरी त्याखाली पुरेशी बैठक उरायला हवी. फरशी बसवणारा ही फट मसाल्याने भरून टाकतो. मग तोच जिना मजल्यांमधला ब्रेस बनतो आणि आधी तोच तुटतो. त्यामुळे फटीचं माप आणि ‘भरू नये’ ही सूचना वास्तुविशारदाच्या फिनिशिंगच्या नकाशातही टाका, कारण फरशीवाला स्ट्रक्चरल नकाशा कधी उघडत नाही.