मिरगीची गोळी आणि जिनिंगसमोरच्या गाड्या

नमस्कार श्रोतेहो.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी एक माय आपल्या पंचविशीतल्या मुलाला माझ्या दवाखान्यात घेऊन आली. त्याचे पाय लटपटत होते, जीभ जड झाली होती. गावानं निकाल देऊनच टाकला होता, की पोळ्याची चढली आहे. माय रडकुंडीला येऊन म्हणाली, "डॉक्टरबाई, माह्या पोरानं दारूले हातबी नाही लावला जी."

मी त्याच्या डोळ्यांसमोर पेन धरून बाजूला नेला. बुबुळं पेनामागे गेली आणि टोकाला जाऊन झटके देत थरथरायला लागली. माय खरं बोलत होती. चढलं होतं ते मिरगीचं औषध.

औषधाचं नाव फेनिटॉईन. एप्टॉइन म्हटलं तर तुमच्यापैकी पुष्कळांना लगेच ओळख पटेल. 1908 साली जर्मनीत बिल्ट्झ नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं ते तयार केलं, पण त्याचा उपयोग कळायला तीस वर्षं गेली. 1938 मध्ये अमेरिकेत मेरिट आणि पटनम यांनी दाखवून दिलं, की रुग्णाला गुंगीत न ठेवताही या औषधानं फिट थांबते. मेंदूच्या पेशी विजेच्या इशाऱ्यांवर चालतात आणि सोडियम पेशीत शिरलं की इशारा उठतो. फिटमध्ये काही पेशी न थांबता इशारे देत सुटतात. फेनिटॉईन अशा उधळलेल्या पेशींची सोडियमची दारं जरा जास्त वेळ बंद ठेवतं. शांत पेशींच्या वाटेला ते फारसं जात नाही, म्हणून योग्य मात्रेवर माणूस शेतात राबू शकतो.

आता नीट ऐका, कारण याच ठिकाणी घरोघरी चूक होते. हे औषध शरीराबाहेर काढायचं काम यकृताचं, आणि यकृत म्हणजे आपली जिनिंग. रोज ठरावीक गाड्यांचा कापूस तिथे उरकतो, तोवर रांग लागत नाही. एकदा का जिनिंग पूर्ण ताकदीनं चालू झाली, की रोजच्या चार-दोन जादा गाड्याही तुंबतात आणि आठ-पंधरा दिवसांत रांग हायवेवर येते. फेनिटॉईनचं तसंच आहे. तीन गोळ्यांच्या चार केल्या तर रक्तातलं औषध तेवढ्याच हिशेबानं वाढत नाही, ते एकदम चढतं. रक्तात ते 10 ते 20 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असावं लागतं. या मुलाचं तिशीच्या पुढे गेलं होतं.

झालं होतं असं. 100 मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या रोज, चार वर्षं सगळं ठीक. मग शेतात एक फिट आली आणि मोठ्या भावानं काळजीपोटी चौथी गोळी सुरू केली. त्या भावावर मला राग धरवत नाही. पण फिट का आली हे कुणी विचारलंच नव्हतं. सोयाबीनमध्ये रानडुकरं शिरत होती म्हणून पोरगा सलग चार रात्री जागलीवर होता. झोप मोडली की गोळी चालू असूनही फिट येऊ शकते. कमी पडली होती झोप, आणि वाढवली गोळी.

उलटी चूकही तितकीच घातक. नवरात्राचा उपास आहे, वेचणीच्या गर्दीत तालुक्याला जायला सवड नाही, म्हणून गोळी अचानक बंद होते. मग एकामागून एक फिट येतात आणि जिवावर बेततं. गोळी थांबवायची तर निदान दोन वर्षं फिट नसावी लागते, आणि तेव्हाही ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी होते.

घरात कुणाला टीबीचं औषध सुरू झालं, तर मिरगीची गोळी चालू असल्याचं आधी सांगा. टीबीतलं आयसोनियाझिड यकृताचं काम मंदावतं आणि फेनिटॉईन साचतं. बायांनो, या गोळीसोबत पाळणा लांबवायच्या गोळ्यांचा भरवसा कमी होतो. मूल हवं असेल तर दिवस जाण्याआधीच डॉक्टरांना भेटा, मनानं गोळी बंद करू नका. हिरड्या सुजतात, म्हणून दोन वेळा दात घासा. सुरुवातीच्या आठवड्यांत अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि फिट आलीच तर जोडा हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा. पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडी काढा.

तो मुलगा पुन्हा तीन गोळ्यांवर आला. आठवड्याभरात पाय सरळ पडायला लागले. जागलीवर आता मोठा भाऊ जातो आणि हा रात्री नऊला गोळी घेऊन घरी झोपतो.