कॉम्रेड्स परत धावायची का? दम तयार आहे, पायाचं बघूया

[रंकाळ्याचा काठ, पहाट. बोलणारी धावून नुकतीच थांबली आहे.]

नमस्कार मंडळी. सव्वासहा वाजलेत, मागं रंकाळा आहे, आणि मी आत्ताच ९ किलोमीटर धावून थांबलेय. अजून ९ सहज झाले असते. दम लागलेला नाही, पाय हलके आहेत, थंडी नुकती सुरू झालीय. तरी थांबले. हे थांबणं मला गेल्या पावणेदोन वर्षांत फार महागात पडून शिकायला मिळालंय, म्हणून आज त्यावरच बोलायचंय.

तुमचा सगळ्यांचा प्रश्न एकच आहे. परवा गंगावेशीत दूध घ्यायला थांबले, तर शेजारी ग्लास हातात घेतलेले एक काका म्हणाले, "काय ताई, पाय बरा झाला न्हवं? मग औंदा जाताय का आफ्रिकेला?" मी हसून वेळ मारून नेली. खरं उत्तर एवढं लांब आहे की दुधावरची साय जमली असती. ते आज देते.

नवीन असाल तर थोडक्यात सांगते. मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरची, त्याच्या पुढची प्रत्येक शर्यत म्हणजे अल्ट्रा. त्यातली कॉम्रेड्स ही दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या दोन शहरांच्या मध्ये होते. पहिल्या महायुद्धात गेलेल्या साथीदारांच्या आठवणीसाठी विक क्लॅफम नावाच्या सैनिकानं १९२१ मध्ये ती सुरू केली. डर्बन समुद्रकाठी, दुसरं शहर सहाशेएक मीटर उंचावर. सहसा एक वर्ष वर चढायचं, एक वर्ष खाली उतरायचं. अंतर ८५ ते ९० किलोमीटर. वेळ १२ तास. बारा तास संपले की बंदूक वाजते, आणि ती वाजवणारा माणूस येणाऱ्या धावपटूंकडं पाठ करून उभा असतो. तुम्ही रेषेपासून दोन पावलांवर असलात तरी तुमचं नाव लागत नाही. मी ते डोळ्यांनी बघितलंय. अंगावर काटा येतो.

२०२३ चा डाऊन रन मी ११ तास २० मिनिटांत पूर्ण केला. आणि तिथंच डोक्यात एक किडा शिरला. तिथं बॅक-टू-बॅक नावाचं एक पदक असतं. पहिल्यांदा धावलात आणि लगेच पुढच्याच वर्षी परत पूर्ण केलीत, तरच ते मिळतं. मध्ये एक वर्ष गेलं की संपलं, आयुष्यात परत संधी नाही. मला ते पाहिजे होतं. २०२४ ला अप रन होता, म्हणून चढाचा सराव पाहिजे, म्हणून पन्हाळा.

फेब्रुवारी २०२४. त्याआधीच्या महिनाभरात मी एका दमात सगळ्यात जास्त धावले होते २४ किलोमीटर. त्या रविवारी पहाटे चारला निघाले. शिवाजी पूल, वडणगे फाटा, केर्ली, वाघबीळ, घाट चढून पन्हाळा, आणि पळतच परत. चाळीसच्या आसपास. चढताना काही झालं नाही. उतरताना डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, कुणीतरी टोकतंय असं वाटायला लागलं. मी उतार संपेपर्यंत धावले. घरापर्यंत धावले. आणि पुढचे तीन आठवडे धावले.

एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. मला सांगितलं गेलं, हाड स्वच्छ आहे, धावा. मंडळी, हे नीट ऐका. हाडावरच्या ताणाची इजा सुरुवातीला एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही. ती एमआरआयमध्ये दिसते. बोटानं एकाच जागी दाबल्यावर दुखत असेल, धावताना वाढत जात असेल, रात्री ठणकत असेल, तर स्वच्छ एक्स-रेवर विश्वास ठेवून पळू नका. माझ्या एमआरआयमध्ये भेग निघाली. स्ट्रेस फ्रॅक्चर. जागा त्यातल्या त्यात बरी होती, कारण नडगीची आतली-मागची बाजू सहसा व्यवस्थित जुळून येते. समोरच्या बाजूची भेग किंवा मांडीच्या हाडाच्या मानेतली भेग हे वेगळंच प्रकरण असतं, तिथं शस्त्रक्रियेपर्यंत पाळी येऊ शकते. माझे आठ आठवडे गेले. जून गेला. पदक गेलं.

मग डिसेंबरात टाचेची शीर, म्हणजे अकिलीस. आणि जुलै २०२५ मध्ये उजव्या पावलाचं हाड, दुसऱ्या बोटाच्या मागचं. दीड वर्षात तीन.

तिसऱ्यांदा प्लास्टरचा बूट घालून घरात बसले तेव्हा वाटलं, आपलं शरीरच ह्यासाठी नाही. पण मला ते पटतही नव्हतं, कारण तिन्ही वेळा मी छान फॉर्मात असतानाच मोडले होते. घड्याळातले आकडे सुंदर, नाडी कमी, वेग वाढलेला. असं का, हे समजून घ्यायला मला आमच्या जुन्या घराची भिंत कामी आली.

आमचं घर जुनं, मातीच्या जाड भिंतींचं. मागच्या उन्हाळ्यात एक भिंत दुरुस्त करायला काढली. गवंड्यानं काय केलं? आधी सैल झालेले दगड आणि माती काढून टाकली, मग नवीन भरलं. काढायला चार दिवस, भरायला आणि वाळायला महिना. ह्या दोन्हींच्या मधल्या दिवसांत ती भिंत जुन्या पडक्या भिंतीपेक्षाही कमजोर होती, म्हणून त्यानं टेकू लावून ठेवले होते.

हाड अगदी असंच काम करतं. धावण्यानं हाडात बारीक बारीक इजा होतात, त्या होणं चांगलंच आहे, त्यानंच हाड घट्ट होतं. पण शरीर आधी खराब भाग कोरून काढतं आणि मग तिथं नवीन हाड घालतं. कोरायला साधारण तीन-चार आठवडे, भरायला तीन-चार महिने. म्हणजे सराव वाढवल्यानंतर साधारण महिन्याभरानं तुमचं हाड सगळ्यात पोकळ असतं.

आणि दम? दम भराभर येतो. सराव सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातलं पाणी वाढतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं. महिन्याभरात तुम्हाला वाटतं, आता मी कुठंही पळू शकते. नेमकं त्याच आठवड्यात आत टेकू लावायची वेळ असते. माझ्या तिन्ही दुखापती ह्या एका गैरसमजातून झाल्या. दम आला म्हणजे पाय आला, असं मी धरून चालले.

बाबांना हे सांगितलं तर त्यांना काही विशेष वाटलं नाही. बाबा तालमीत वाढलेले. ते म्हणाले, "आमच्यात पोरगं पडून उठलं की वस्ताद त्याला महिनाभर हौद्याची माती खणायला लावायचा. बैठका मारू दे, दोर चढू दे, पर अंगाला अंग लावू द्यायचा न्हाई. पोरगं चिडायचं, रडायचं. वस्तादाला ठावं असायचं, दम भरलाय त्याचा, सांधा भरला न्हाई." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुला वस्ताद कोण हाय?" मी गप्प बसले. मला वस्ताद नव्हता. मनगटावर घड्याळ होतं.

आता अंतराबद्दल. आपण सगळे आठवड्याचं मायलेज मोजत बसतो. आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही, हा नियम वगैरे. २०२५ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये पाच हजारांहून जास्त धावपटूंचा एक अभ्यास आला. त्यात दिसलं की आठवड्याच्या बेरजेपेक्षा एका दिवसाची उडी जास्त घातक असते. गेल्या ३० दिवसांतलं तुमचं सर्वांत लांब धावणं जे असेल, त्याच्यापेक्षा एकाच दिवशी दहा टक्क्यांहून जास्त धावलात की दुखापतीचा धोका ठळकपणे वाढतो. माझं बघा. २४ वरून ४०. दहा टक्के म्हणजे साडेसव्वीसच्याही आत थांबायला पाहिजे होतं. म्हणजे केर्ली ओलांडून थोडं पुढं जायचं आणि मागं फिरायचं. पन्हाळ्याला त्या दिवशी जायचंच नव्हतं.

आता जे सांगणार आहे ते मी आजवर ह्या चॅनलवर बोलले नाही. बायकांनी तर ऐकाच, पण पोरांनीही ऐका.

त्या वर्षी मी कमी खात होते. वजन उतरलं की चढावर हलकं जाईल, हे डोक्यात पक्कं बसलं होतं. सकाळी उपाशीपोटी २० किलोमीटर, आल्यावर ताक, दुपारी अर्धी भाकरी. रविवारी घरात मटण शिजायचं, सगळे तांबडा-पांढरा ओरपायचे आणि मी वाटीभर रस्सा घेऊन उठायचे. माझी पाळी चार महिने आली नव्हती. वय ३८. मी कुणाला सांगितलं नाही. सराव जोरात चाललाय म्हणून असेल, असं मानलं. थोडं बरंच वाटलं, खरं सांगते, कटकट गेली म्हणून.

ती धोक्याची घंटा होती. खर्चाच्या मानानं खाणं कमी पडलं की शरीर काटकसर करतं आणि आधी जे आज लगेच लागत नाही ते बंद करतं. पाळी, हाडाची भरणी. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ मध्ये ह्या अवस्थेला नाव दिलं, रेड-एस. ती पुरुषांनाही होते, फक्त त्यांच्यात पाळीसारखी उघड खूण नसल्यानं कळायला उशीर होतो. म्हणजे माझ्या भिंतीचे दगड मी रोज काढत होते आणि गवंड्याला चुना देतच नव्हते. त्यात ड जीवनसत्त्व तळाला गेलेलं. इतक्या उन्हाच्या गावात, हो. कारण मी पहाटे चारला पळायचे आणि दिवसभर ऑफिसात.

आज धावायच्या आधी मी केळं आणि शेंगदाण्याचा लाडू खाते. आल्यावर अर्ध्या तासाच्या आत पोटभर. हा बदल माझ्या मते बाकी सगळ्या व्यायामांपेक्षा मोठा आहे.

एक गोष्ट रागानं सांगते. लांब शर्यतीत पेनकिलर खाऊन पळू नका. पाणी कमी पडलेल्या शरीरात त्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात, आणि हाडाचं दुखणं झाकतात. दुखणं ही एकच खबर तुमच्याकडं आहे.

सगळं दुखणं सारखं नसतं, हेही मला उशिरा कळलं. टाचेच्या शिरेला थोडं दुखलं तर चालतं. तिला काम लागतं, नुसत्या विश्रांतीनं ती सुधारत नाही. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायचा व्यायाम मी महिनोन्‌महिने करतेय. दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत होतं तिथं परत आलं की ठीक. पण हाडाला ही सवलत नाही. हाडावर बोट ठेवून दुखलं, की त्या दिवशी धावणं बंद. फिजिओनं मला धावायला सोडण्याआधी अर्धा तास भरभर चालायला लावलं, मग एका पायावर उड्या मारायला लावल्या. तसूभर दुखलं नाही, तेव्हा कुठं एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, इथून सुरुवात.

अँटन क्रुपिकाचं नाव काहींना माहीत असेल. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये लेडव्हिल म्हणून १०० मैलांची शर्यत आहे, सगळी तीन हजार मीटरच्या आसपास आणि वर. हा पोरगा ती २००६ आणि २००७ अशी लागोपाठ जिंकला. आठवड्याला दोनशे मैलांपर्यंत पळायचा. मग पाय मोडला, नंतर नडगी बिघडली, आणि कित्येक वर्षं तो मोठ्या शर्यतींपासून लांब राहिला. सायकल चालवली, कडे चढला. मी घरात बसलेले असताना त्याच्याबद्दल खूप वाचलं. त्यानं डोंगर सोडला नाही, फक्त धावणं बाजूला ठेवलं, हे मला फार धीराचं वाटलं. मग मीही सायकल काढली. पुईखडीचा चढ सायकलवर किती लांब आहे, हे तोपर्यंत ठाऊकच नव्हतं.

तर, औंदा जाताय का?

मी कागदावर मांडून बघितलं. आज ९ किलोमीटर. दर खेपेला दहा टक्के वाढवत, दर चौथा आठवडा हलका ठेवत गेले, तर ४२ पर्यंत पोचायला २१-२२ आठवडे. म्हणजे एप्रिल. कॉम्रेड्सला नाव पक्कं करायला आधी एक मॅरेथॉन ठरावीक वेळेत करावी लागते. ती एप्रिलमध्ये कशीबशी बसते. जून जमतो. कागदावर जमतो.

आणि हाच कागद मी २०२४ मध्येही केला होता. त्यात एक ताप, एक लग्न, ऑफिसचा एक मार्चअखेर बसायला जागा नव्हती. एक आठवडा हुकला की मी तो पुढच्या रविवारी भरून काढणार. मी स्वतःला ओळखते.

म्हणून येत्या जूनमध्ये नाही. रडू आलं हे ठरवताना, पण एका गोष्टीनं सोपं केलं. ते पदक आता मला कधीच मिळणार नाही. पहिल्या दोन वर्षांची अट माझ्यासाठी संपलीय. मी पुढच्या जूनला गेले काय, त्याच्या पुढच्या गेले काय, किंवा पन्नाशीला गेले काय, शर्यत तीच, बारा तास तेच. घाई कशाची होती ती गोष्टच उरली नाही.

त्याआधी साताऱ्याची हिल हाफ. यवतेश्वरचा घाट, २१ किलोमीटर. फिजिओशी ठरलंय, चढ धावायचा आणि उतरताना जिथं पाय आपटायला लागतील तिथं चालायचं. लोक पुढं जातील. जाऊ देत. उतारावर प्रत्येक पावलाला मांडी आणि नडगी ब्रेक लावत असतात, पन्हाळ्याच्या त्या उतारानं मला ते शिकवलंय. सातारा नीट पार पडला आणि पुढचे तीन महिने हाडं गप्प राहिली, तर मॅरेथॉनचं बघेन. त्या वेळी तुम्हाला इथंच सांगेन, काय झालं ते, वाईट झालं तरी.

पुढच्या रविवारी इथंच, ९ किलोमीटर ९०० मीटर. कुणाला सोबत यायचं असेल तर सव्वापाचला या, पण मी दहा करणार नाही, आग्रह करू नका.

आता निघते. बाबा दारात बसलेले असतील. रोज धावून आले की खाटेवर बसवतात, अंगठ्यानं दोन्ही नडग्या वरून खालपर्यंत दाबत जातात, मग उजवं पाऊल. प्रत्येक पेरावर विचारतात, "दुखतंय?" अकरा आठवडे झाले, मी नाही म्हणतेय. आणि ते तरी दुसऱ्यांदा दाबून बघतात.